मी फुबा, अर्ध्या शेपटीचा

मी एक म्हातारा कुत्रा आहे. माझी मिशी पिकली आहे, उजव्या कानाने नीट ऐकू येत नाही, आणि एकदा उन्हात आडवा झालो की उठायचं म्हणजे जिवावर येतं. मित्रांनो, माझ्या जातीच्या कुत्र्यांना शेपटी नसते. म्हणजे देव देतो, पण माणसं कापतात. मला मात्र बरोब्बर अर्धी शेपटी आहे. आमच्या पेद्रा रोशा गावात कुणी पाहुणा आला, की तो आधी चर्चचा मनोरा बघतो आणि मग माझ्याकडे बघून विचारतो, "ह्याचं असं अर्धवट कुणी करून ठेवलं?" त्याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही. म्हणून आज सगळं सांगतो.

माझा जन्म एवारिस्तोच्या गिरणीत झाला. गिरणी ओढ्याच्या काठी आहे. ओढ्याच्या पाण्यावर लाकडी चाक फिरतं, चाकावरून चामड्याचा रुंद पट्टा आत येतो आणि त्या पट्ट्यावर दगडी जातं मका दळतं. मका आला तिथे उंदीर आलेच, आणि उंदीर आले म्हणून आमचं घराणं आलं. माझी आई पिपोका. आमच्या भाषेत पिपोका म्हणजे मक्याची लाही. नाव शोभत होतं तिला. पोत्यामागे जरा खसफस झाली की ती जागच्या जागी टणकन उडायची. पुढे माझं नाव फुबा ठेवलं. फुबा म्हणजे मक्याचं पीठ.

एवारिस्तोचे बिनशेपटीचे कुत्रे म्हटलं की आमच्या खोऱ्यातला प्रत्येक गोदामवाला मान डोलवायचा. ही रीत त्याच्या वडिलांनी पाडली होती. एवारिस्तो लहान असताना त्याच्या लाडक्या कुत्र्याची शेपटी गिरणीच्या पट्ट्यात सापडली, आणि चाक थांबवेपर्यंत पट्ट्याने त्याला आत ओढून नेलं. एवारिस्तोने ते डोळ्यांनी पाहिलं. त्या दिवसापासून गिरणीत नियमच झाला. जन्मलेल्या पिल्लाची शेपटी तिसऱ्या दिवशी कापायची, आणि त्याचबरोबर मागच्या पायांची वरची नखंही काढायची. आमच्या पायाच्या आतल्या बाजूला, जमिनीला न टेकणारं एक नख असतं, तुमच्या अंगठ्यासारखं. पुढच्या पायांना ते सगळ्यांनाच असतं. मागच्या पायांना एखाद्यालाच येतं आणि नुसत्या कातडीला लोंबत राहतं, मग कुठेतरी अडकून फाटतं. आमच्या घराण्यात ते पिढीजात होतं.

पुढचं जे सांगणार आहे, ते मी पाहिलेलं नाही. माझे डोळेच उघडले नव्हते. पण एवारिस्तोची बायको झुल्मिरा हिने ते चुलीपाशी बसून इतक्यांदा सांगितलं आहे की मला सगळं दिसतं.

जूनमधली थंडी होती. आमच्याकडे जून म्हणजे ऐन हिवाळा. गवतावर हिमाचा थर पडत होता. पिपोकाचं बाळंतपण अवघड गेलं. आम्ही चार भावंडं झालो आणि त्यांत सगळ्यांत लहान मी, झुल्मिराच्या मुठीत मावेन एवढा. तिसऱ्या दिवशी रिवाजाप्रमाणे एवारिस्तोने जनावरांच्या डॉक्टरबाईंना बोलावणं धाडलं.

डॉक्टरबाईंचं नाव इओलांदा. मोठ्या आवाजाची, मोठ्या पावलांची बाई. त्या हसल्या की गिरणीच्या छपरावरची कबुतरं उडत. त्यांची जुनी निळी फोक्सवॅगन वळणावर दिसायच्या आधी ऐकू यायची. कुणाची गाय अडलेली असो, कुणाचं डुक्कर विषारी पाला खाऊन पडलेलं असो, त्या चिखलात गुडघे टेकून बसत आणि काम झाल्याशिवाय उठत नसत. मित्रांनो, मी पुष्कळ माणसं पाहिली. पण आपल्या हातातलं हत्यार केव्हा वापरायचं नाही हे कळणारं माणूस मी एकच पाहिलं.

त्या आल्या आणि कॉफी घेतली. बॅग उघडलीच नाही. चुलीवर हात शेकून त्या आम्हाला ठेवलेल्या खोक्यापाशी फरशीवर बसल्या. पिपोकाचे सड दाबून पाहिले. आम्हाला एकेक उचललं, पोटावरून अंगठा फिरवला, तोंडात करंगळी घालून चोखण्याचा जोर पाहिला, मिठाच्या तराजूत घालून तोललं. झुल्मिराने जन्मतः आमचं वजन करून ठेवलं होतं. ते त्यांनी विचारून घेतलं. मग त्या म्हणाल्या,

"आज नाही, सेऊ एवारिस्तो." आमच्याकडचं 'सेऊ' म्हणजे तुमचं 'राव'.

"आज नाही म्हणजे? आज तिसरा दिवस आहे, डॉक्टरबाई."

"तिसरा दिवस तुमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरचा. ह्यांचा अजून पहिलाच नीट उजाडलेला नाही. आईला दूध उतरलं नाही, वजन वाढायचं सोडून घटलंय. पोटं बघा, रिकाम्या पिशव्या नुसत्या."

"बाबांच्या वेळेपासून तिसऱ्याच दिवशी करतोय आम्ही."

"तुमच्या बाबांनी कोवळं कणीस कधी जात्यात घातलं होतं का?"

झुल्मिरा तोंडावर फडकं धरून हसली. एवारिस्तो तिच्यावर डोळे वटारून म्हणाला, "हस तू. रविवारी लोक पिल्लं ठरवायला येणार आहेत, त्यांना काय दाखवू? आणि फार थांबलं तर पुढे करता येत नाही, हे यांनीच मला शिकवलंय."

"बरोबर आहे ते," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पाचव्या दिवसापर्यंत बघू. तोवर हाड कूर्चेसारखं मऊ असतं, जखम पटकन मिटते. त्यानंतर मी हात लावणार नाही. मग मोठं झाल्यावर, भूल देऊन, आणि तेही तसंच कारण असेल तरच. घाई करायची तर दूध पाजायची करा."

मग सुरू झालं दूध पाजणं. झुल्मिरा थेंबनळीने बकरीचं दूध पाजत होती, आणि तिचा हात भरून आला की एवारिस्तो बसत होता. चुलीतली तापलेली वीट फडक्यात गुंडाळून आमच्या अंगाशी ठेवली जात होती. तोंडाने तो कुरकुरत होता, "लाटसाहेब आहेत, लाटसाहेब," पण वीट गार होऊ देत नव्हता. चौथ्या दिवशी पिपोकाला दूध उतरलं.

पाचव्या दिवशी डॉक्टरबाई पुन्हा आल्या. माझी तिन्ही भावंडं टम्म झाली होती. झुल्मिराने पिपोकाला चीजचा तुकडा दाखवून लांब ओढ्यापलीकडे नेलं, म्हणजे तिला आवाज येऊ नये. भावंडं किंचाळली. लोक म्हणतात, एवढ्याशा पिल्लांना काही कळत नाही. डॉक्टरबाई असं कधीच म्हणाल्या नाहीत. त्या म्हणत, "कळतं. म्हणून तर हात चटकन चालवायचा आणि लगेच आईजवळ द्यायचं." आणि त्यांचा हात खरोखरच तसा चालत असे. शेपटी, मागची दोन नखं, दाबून धरलेला कापूस, संपलं. पिपोका परत आली तोवर तिघं एकमेकांच्या अंगावर झोपलेही होते.

मग मला तळहातावर घेतलं. बराच वेळ धरून ठेवलं. माझं वजन फक्त जन्माइतकं परत आलं होतं.

"ह्याचं नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"डॉक्टरबाई!" एवारिस्तोचा आवाज चढला. "आज नाही तर कधीच नाही, हे तुमचेच शब्द!"

"हो. मग कधीच नाही."

"अहो, एक कात्री लावायची. एक थेंब रक्त."

"एका थेंबाचाच प्रश्न आहे. ह्याच्याकडे तेवढंच आहे."

त्यांनी मला पिपोकाच्या कुशीत ठेवलं, हत्यारं उकळत्या पाण्यात टाकली आणि बॅग बंद केली. जाताना दारात थांबून म्हणाल्या, "तुमच्या मनात काय आहे ते मला ठाऊक आहे. पट्टा. पण ते पुढचं भय आहे. हा आज जगायचा आहे."

त्या गेल्या आणि पाठोपाठ ओनोफ्रे आला. ओनोफ्रेचं धान्याचं गोदाम वरच्या रस्त्याला आहे. तिथे मका सोलायचं यंत्रही आहे. त्याच्या मुलाचा बाप्तिस्म्यातला धर्मपिता एवारिस्तो, म्हणून दोघं एकमेकांना कोंपाद्रे म्हणतात. ओनोफ्रे जिभेचा सैल. माझ्याकडे बघून म्हणाला, "कोंपाद्रे, हा उंदीर पकडणार की माश्या हाकलणार? डॉक्टरबाईचं काय ऐकतोस? आमच्या आज्याकडे डॉक्टर होता का? जाड दोरा घे, गच्च आवळ, आठवड्यात आपोआप गळून पडेल."

ओनोफ्रे निघून गेला, पण त्याचा दोरा एवारिस्तोच्या डोक्यात राहिला. तिसऱ्या प्रहरी त्याने पोती शिवायचा दोरा काढला, मला उचललं आणि खिडकीपाशी उजेडात बसला. झुल्मिरा मका निवडत होती. तिने भांडण काढलं नाही. एवढंच म्हणाली, "कर. पण पिपोकाकडे पाठ करून नको करूस. तिच्यासमोर कर."

तो वळला. पिपोका खोक्यातून उठून आली होती. तिने आधी मला हुंगलं आणि मग ज्या हातात दोरा होता तोच हात चाटायला लागली, बोटं, नखं, मनगट. ज्या हाताने रात्रंदिवस विटा तापवल्या, त्या हाताबद्दल तिच्या मनात शंका येणारच कशी?

एवारिस्तोने दोरा खिशात घातला. मला खाली ठेवलं. मग गिरणीत जाऊन संध्याकाळपर्यंत जात्याला, चाकाला, पोत्यांना शिव्या घालत बसला.

मित्रांनो, मी जगलो. भावंडं यथावकाश आपापल्या गोदामांत गेली. मला मात्र कुणी नेलं नाही. लोक खोक्यात डोकावायचे, शेपटी बघायचे आणि म्हणायचे, "हा एवारिस्तोचा? छे!" त्यामुळे मी गिरणीतच राहिलो आणि आईच्या हाताखाली उंदीर मारायला शिकलो. माझे मागचे पाय तिच्यापेक्षा जरा जड पडायचे, कारण ती लोंबती नखं तशीच होती. आणि झालं तेच. मी वयात येत होतो तेव्हा पोत्यावरून उडी मारताना एक नख तागाच्या विणीत अडकलं आणि फाटून लोंबकळलं. मी गिरणी डोक्यावर घेतली.

डॉक्टरबाईंनी मला भूल देऊन मागची दोन्ही नखं नीट काढली. एवारिस्तो टोमणा मारायचा सोडणार थोडाच? "तेव्हाच केलं असतं तर आज हे निस्तरावं लागलं नसतं."

"नसतं लागलं," डॉक्टरबाईंनी सरळ कबूल केलं. "थांबण्याची किंमत असतेच. ती ह्याने दिली. पण आज द्यायला त्याच्या अंगात रक्त आहे."

"मग पुढचीही काढून टाका ना, एकदाचं."

"ती नाही. ती हाडाला धरून आहेत. उतारावरून धावताना, वळताना हा त्यांच्यावर भार देतो. नख आहे म्हणून काढायचं नसतं, सेऊ एवारिस्तो. लोंबतंय की कामाचं आहे ते बघायचं."

त्यानंतरची वर्षं माझ्या आयुष्यातली उत्तम वर्षं. पिपोका म्हातारी झाली आणि गिरणीची राखण माझ्याकडे आली. एका हिवाळ्यात ओनोफ्रेच्या गोदामात उंदरांनी थैमान घातलं, तेव्हा त्यानेच मला उसनं मागून नेलं. परत आणून सोडताना तो म्हणाला, "माश्या हाकलणारा चांगला आहे हो!" एवारिस्तो त्या दिवशी सारखा मिशीत हसत होता. तो मितभाषी माणूस. दिवसभराच्या दळणानंतर पोत्यावर बसून फक्त विचारायचा, "काय म्हणतोस, फुबा?" आणि मी पत्र्याच्या डब्यावर शेपटी आपटून उत्तर द्यायचो. धडाम धडाम. आमचं बोलणं तेवढंच, पण रोजचं.

मग तो दिवस आला. एक गलेलठ्ठ उंदीर पट्ट्याखालून पळाला आणि मी त्याच्यामागे घुसलो. उंदीर दातांत आला. आनंदाने माझी शेपटी उसळली आणि पट्ट्यात गेली.

किती दुखलं ते सांगत नाही. मला एवढंच आठवतं, की मी मागे मागे ओढला जात होतो आणि एवारिस्तो ओरडत आला. चाक थांबवायला तो बाहेर धावला नाही. त्याने नुसत्या हातांनी धावता पट्टा धरला आणि सगळं अंग टाकून जात्यावरून खाली ओढून पाडला. त्याच्या दोन्ही तळहातांची साल निघाली. पट्टा मेलेल्या सापासारखा जमिनीवर पडला, आणि मी एवारिस्तोच्या पायाशी.

दुधाच्या गाडीत बसून त्याने मला डॉक्टरबाईंकडे नेलं. सगळ्या वाटेने तो पुटपुटत होता, "सांगितलं होतं मी. सांगितलं होतं." दवाखान्यात शिरताच त्याचा बांध फुटला.

"बघा! बघा हे! ह्याचसाठी मी मेलो होतो सांगून सांगून. तेव्हा कापली असती तर?"

"तेव्हा कापली असती तर आज हा इथे नसता," डॉक्टरबाई म्हणाल्या. मग त्यांनी माझी शेपटी उलटीपालटी केली, आणि त्यांचा मोठा आवाज एकदम लहान झाला. "पण तुमचं भय खोटं नव्हतं, सेऊ एवारिस्तो. मी त्याला पुढचं भय म्हटलं आणि विसरून गेले. तुम्ही विसरला नव्हता. हात दाखवा तुमचे."

"आधी त्याला."

"टोकाकडचं सगळं चेचलंय. ते काढावं लागेल. आता कारण आहे, आणि आता हा सोसू शकेल." त्यांनी भुलीची सुई भरली. "मुळापासून काढली की काम सोपं होतं, लवकर भरून येतं. तुम्हाला हवी होती तशी होईल."

एवारिस्तो रक्ताळलेले हात छातीशी धरून उभा होता. तो काहीतरी बोलला, पण ते कुणालाच ऐकू आलं नाही. डॉक्टरबाईंनी विचारलं, "काय?"

"जरा जास्त ठेवा म्हटलं, डॉक्टरबाई. जेवढी ठेवता येईल तेवढी. तो... तो माझ्याशी तिनेच बोलतो."

डॉक्टरबाईंनी माझ्या शेपटीवर मुळापासून बोट फिरवत नेलं. मग म्हणाल्या, "जिथवर जिवंत आहे तिथवर ठेवते. एक बोटही कमी नाही." त्या कामाला लागल्या, आणि मला झोप लागली.

मी घरी आलो तो माझ्या शेपटीला पांढरी पट्टी आणि एवारिस्तोच्या दोन्ही हातांना पांढरी पट्टी. झुल्मिरा आम्हा दोघांना मक्याची पेज भरवायची आणि म्हणायची, "एक घास ह्या कुत्र्याला, एक घास त्या कुत्र्याला."

हात बरे झाले तशी एवारिस्तोने एके दुपारी करवत काढली. फणसाच्या जुन्या फळ्या मोजून कापल्या आणि पट्ट्याच्या दोन्ही अंगांना, जमिनीपासून कमरेपर्यंत, ठोकून बसवल्या. खाली उंदीर जाईल एवढीही फट ठेवली नाही. झुल्मिरा कॉफी घेऊन आली.

"झालं?"

"झालं."

"एवढंच होतं?"

एवारिस्तो पोत्यावर बसला. कॉफी निवून गेली. आजवर किती पिल्लं त्या खोक्यातून गेली होती, त्याच्या आणि त्याच्या बापाच्या हातून! एका दुपारचं तर काम होतं.

"बाबांना हे कसं सुचलं नाही गं?" शेवटी तो म्हणाला.

"तुला तरी कुठे सुचलं?" झुल्मिरा म्हणाली आणि त्याच्या शेजारी बसली.

पुढच्या वर्षी ओनोफ्रेच्या गोदामातल्या कुत्रीला माझी पिल्लं झाली. दुसऱ्याच दिवशी ओनोफ्रे धावत गिरणीत आला. "कोंपाद्रे, उद्या तिसरा दिवस! डॉक्टरबाईंना निरोप धाडू ना?"

"धाड. मागची नखं लोंबतायत का ते त्या बघतील, आणि लोंबत असली तर केव्हा काढायची ते त्याच सांगतील. शेपटीचं माझ्याकडे लागलं."

"तुझ्याकडे? तू कापणार?"

दुसऱ्या दिवशी एवारिस्तो करवत, हातोडी आणि खांद्यावर चार फळ्या घेऊन वरच्या रस्त्याने निघाला. मीही मागोमाग. गोदामाच्या दारात ओनोफ्रेचे डोळे पांढरे झाले. "माते मरिये! एवढ्याशा शेपट्यांना एवढी करवत?"

"तुझ्या मका सोलायच्या यंत्राचा पट्टा कुठाय?" एवारिस्तोने विचारलं. "दाखव."

डॉक्टरबाई निळ्या गाडीतून आल्या तेव्हा दोघं कोंपाद्रे गुडघ्यांवर बसून खिळे ठोकत होते आणि कुणाची फळी वाकडी यावरून भांडत होते. बाईंनी पिल्लांची पोटं पाहिली, पाय पाहिले, नखं पाहिली. मग बॅग न उघडता त्या पोत्यावर टेकल्या आणि इतक्या मोठ्याने हसल्या, की माझी सगळी पिल्लं दचकून आईच्या पोटाखाली घुसली.

मित्रांनो, तुमच्याही हातात कधीतरी एखादा लहान जीव येईल, आणि चार माणसं म्हणतील, आजच उरकून टाका. तेव्हा आधी त्याचं पोट भरलंय का बघा. आणि तुम्हाला जे भय वाटतं ते खरं असेल, तर त्याला खोटं म्हणू नका. पण ते त्या जिवात आहे की दुसरीकडे कुठे, हे शोधा. सापडलं की तिथे जाऊन फळी ठोका.